दोन डोंगर, एक सूर्य

दिवाळीला घर रंगवून झाले की भिंतीवर चित्र लागते ते ठरलेले: दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठी झोपडी. आपली मुलेही शाळेत हेच काढतात आणि आपण ‘छान’ म्हणतो. माझे म्हणणे असे की, या ‘छान’ने आपण मुलांचे डोळे बंद करतो.

गोंदिया जिल्ह्यातले चोरखमारा घ्या. नागझिऱ्याच्या रानालगतचा, मातीच्या धरणाचा तलाव. दिवस मावळला की पाणी आधी काळे होते की रान, हे सांगता येत नाही. छातीत धस्स मात्र होते. तेथल्या मुलानेही वहीत उसनेच डोंगर काढायचे? मग ते भय कोणी रंगवायचे?

ते रंगविणारा माणूस एकेकाळी गोंदियाच्याच शाळेत ड्रॉइंगमास्तर होता. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यात, वडील जंगलखात्यात. शिक्षण नागपूरला, १९४३ पासून मुंबईच्या जे. जे. मध्ये, १९५० साली फ्रान्स. लहानपणच्या जंगलातल्या रात्रींनी पॅरिसमध्येही त्यांची पाठ सोडली नाही. १९७२ चे त्यांचे ‘तपोवन’ पाहा. झाड ओळखू येत नाही, वाट सापडत नाही. काळोख दाटलेला आणि त्यातून रंग पेटलेले.

“यात निसर्ग कुठे आहे?” असे कोणी विचारील. भैरवीच्या आलापाला शब्द नसतात, तरी मैफलीत डोळे भरून येतात. तेथे आपण गवयाला “यात सकाळ कुठे आहे?” असे विचारतो काय? मग चित्रकारानेच काय घोडे मारले आहे? नुसते रंग फासले म्हणजे चित्र होत नाही, हे मान्य. रझांनीही आधी मुंबईचे रस्ते जलरंगात रंगवून हात घोटला होता. पण हुबेहूब दाखवायला कॅमेरा आहे. तुमच्या कॅलेंडरातल्या नदीकाठी तुम्हाला कधी थंडी वाजली आहे?

२०२३ साली रझांचे एक चित्र लिलावात एक्कावन्न कोटींवर गेले. आपण आकडा वाचला. चित्र किती जणांनी पाहिले?

वाचकहो, या दिवाळीत मुलांना रंगपेटी द्या. डोंगर देऊ नका. “तिथे काय दिसले?” याऐवजी “तिथे काय वाटले?” एवढेच विचारा. कागद सगळा काळा झाला तर रागावू नका. त्या पोराने कदाचित चोरखमाऱ्याची संध्याकाळ पाहिली असेल.