काठीची मूठ

मासे गरवायच्या काठीचा सगळ्यात आधी झिजतो तो भाग म्हणजे तिची मूठ. काठी फायबरग्लासची असो की कार्बनची, ती वर्षानुवर्षं वाकते आणि पुन्हा सरळ होते. मूठ मात्र बुचाची. तिच्यात घाम मुरतो, आमिषाच्या कोळंबीचा रस मुरतो, खारं पाणी मुरतं, आणि कोकणच्या पावसात ओल्या खोळीत राहिली की बुरशी धरते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, काठी गेली. काठी माळ्यावर जाते आणि नवी येते. मला हे बघवत नाही. गेलेली असते ती वीतभर मूठ, आणि ती घरी बसून नीट करता येते.

माझ्याकडे काकांची काठी आहे. मधाच्या रंगाची, फायबरग्लासची, दोन तुकडे जोडून करायची. मालवणच्या कातळांवर उभं राहून त्यांनी हिच्यावर तांबोशी आणि शेंगाळे काढले. मुठीवर रिळाच्या किंचित पुढे त्यांच्या अंगठ्याने बूच दबून एक खोलगट जागा झाली आहे. दुरुस्तीला बसताना मी एवढंच ठरवलं होतं की ही जागा जशी आहे तशी राहिली पाहिजे.

पहिलं काम पारखण्याचं. एका हाताने काठी धरायची, दुसऱ्याने मूठ पिळायची. मूठ फिरली किंवा आत कुरकुरली तर आतला गोंद सुटला आहे. काठी मुठीच्या आतून जात असते. मासा आमिषाला तोंड लावतो तो हलका टोला तंगुसावरून काठीत आणि काठीतून बुचामार्गे तळहातात येतो. गोंद सुटला की तो टोला वाटेतच विरतो. काकांच्या काठीला हा रोग नव्हता. वरच्या बाजूला खड्डे पडले होते, आणि कातळावर टेकून टेकून बुडाचं बूच भुसभुशीत झालं होतं.

बूच का वापरतात हे हातात धरल्यावरच कळतं. ते हलकं असतं, गार लागत नाही, ओल्या हातातून निसटत नाही. १६६५ साली रॉबर्ट हुकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचीच पातळ चकती धरली होती आणि त्यातल्या बारीक कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. त्या बंद कप्प्यांत हवा भरलेली असते, सगळा गुण तिचा. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं, एका जातीच्या ओक झाडाच्या सालीतून. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत. कुठल्या वर्षी सोललं त्याचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. इतकी वाट पाहून आलेली वस्तू चार खड्ड्यांसाठी फेकून द्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

आधी मूठ धुवायची: कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ स्पंज. चरचरीत घासणी नको. काळा थर निघाला की खाली पिवळसर बूच दिसतं. सावलीत पूर्ण सुकू द्यायचं. घाई केली तर ओल आत कोंडते. खड्डे भरायला बुचाचाच भुगा लागतो. वाइनच्या बाटलीचं अखंड बूच पॉलिश पेपरवर घासलं की हवा तेवढा भुगा मिळतो. तुकडे दाबून केलेलं बूच घेऊ नये. पाण्यात न सुटणाऱ्या लाकडाच्या गोंदात भुगा कालवून खड्ड्यात दाबायचा, कडेपेक्षा जरा वर, आणि रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी २२० नंबरचा कागद, मग ४००. त्याआधी मुठीलगतच्या काठीवर मास्किंग टेप गुंडाळायची, नाहीतर कागद काठीलाच चरे पाडतो. अंगठ्याच्या जागेला मी गोंदही लावला नाही, कागदही.

बुडाचा भाग मात्र कापूनच काढावा लागला. भोक पाडलेल्या, अर्धा इंच जाडीच्या बुचाच्या चकत्या मिळतात. त्या एकमेकींना चिकटवून गोल उतरवून घ्यायला मी सावंतवाडीच्या एका कातारीकडे गेलो. लाकडी फळं आणि खेळणी कातणाऱ्या माणसाने बूच कधी कातलं नसेल असं मला वाटलं होतं. त्याने चकत्या बोटाने दाबल्या आणि म्हणाला, ‘‘ह्येका पटाशी लावूची नाय, फाटतला. पालीस पेपरानच उतरवूचा.’’ अगदी खरं. बूच धारेखाली चिरत नाही, त्याचे लचके निघतात. त्याने ते कागदानेच उतरवलं, वेळ लागला तरी. पुढे त्याने जुनी मूठही सरळ करून द्यायची तयारी दाखवली. मी अंगठ्याची जागा दाखवली आणि नको म्हटलं. तो ती निरखत राहिला. त्याच्या स्वतःच्या हत्याराची मूठही तशीच झिजलेली होती.

घरी येऊन तो तुकडा खालून सरकवला. दोन नळ्यांतला, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी वापरला. पाच मिनिटांत वाळणारा हाताला सोयीचा, पण तुकडा सरळ बसवायला सवड देत नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ताणून बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. नवं बूच फिकट दिसतं. त्यावर रंग किंवा वॉर्निश चढवायला मी तयार नाही. हाताची पकड जाते. बरेच जण बूच काढून काळा फोम बसवतात. तो टिकतो, स्वस्तही पडतो, पण त्यातून टोला मंद येतो असा माझा अनुभव आहे.

आता कड्यांचं काम उरलं आहे. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवायचा. तंतू अडकले तर आत चीर आहे आणि ती तंगूस कापणार. सुरुवात टोकाच्या कडीपासून, कारण सगळ्यात जास्त घासली जाते ती तीच.