आधी ब्रेक, मग उंची

जुलैतल्या कुठल्याही रविवारी आजरा-आंबोली रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहा. वर्षा पर्यटनाला निघालेल्या गाड्यांत मधूनच एखादी जीप अशी येते, की आत बसायला शिडी लागावी. टायर कंबरेला येणारे, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची रांग आणि सायलेन्सरचा आवाज पुढच्या गावापर्यंत. लोक दिवे बघतात. मी वळणाच्या अलीकडे उभा राहतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते बघतो. पुष्कळांची ओढते.

ही सवय धंद्याची. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी उभी हयात गेली. घरी १९९३ सालची महिंद्राची एमएम ५४० आहे, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असलेली. लेथचं आणि डिझेल पंपाचं काम सोडलं तर तिचं बाकी सगळं अंगणातच होतं. तेव्हा हौशी लोकांवर डाफरणारा हा कुणी बाहेरचा माणूस, असं समजू नका. माझा राग दोघांवर आहे. जीप नुसती उंच करून मिरवणाऱ्यांवर आहे, आणि त्यांना व माझ्यासारख्यांना एकाच काट्यावर तोलणाऱ्या कायद्यावरही आहे.

ही गाडी अंगणात उघडता येते, कारण तिचा वंशच तसला. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप चिखलात उभी राहून मोजक्या पान्यांनी दुरुस्त होत असे. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली आणि पुढे कितीतरी मॉडेलं त्याच सांगाड्यावर निघाली. सरळ चेसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चार कोपऱ्यांना पाटे. ना सेन्सर, ना संगणक. इंजिन सुरू होईना, तर डिझेल येतंय का आणि लाइनीत एअर धरलीय का, एवढंच आधी बघायचं. फीड पंपाची दांडी हाताने मारून बुडबुडे काढले की बहुतेक वेळा भागतं. पाट्याचं पान तुटलं, शॅकलचा बुश गेला, यू-बोल्टचे आटे झिजले, तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात माप दाखवलं की वस्तू मिळते किंवा करून देतात. आजची नवी गाडी स्कॅनर लावल्याशिवाय कुठे दुखतंय तेही सांगत नाही.

एवढी सोपी गाडी हातात आली, की हात शिवशिवतात. ते साहजिक आहे. प्रश्न हात आधी कुठे जातो याचा आहे.

मागे एक जुना विद्यार्थी जिप्सी घेऊन आला. म्हणाला, ‘‘सर, शॅकल लांब टाकून दोन इंच उचलायची हाय. वर एकतीसचे टायर. करून द्या की.’’ मी म्हटलं, ‘‘करू. आधी पुढची बाजू जॅकवर घे.’’ चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर टकटक ऐकू आली. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ होता आणि नकलच्या सीलमधून ग्रीस बाहेर येऊन त्यावर तांबडी माती बसली होती. एखादा खड्डा लागला आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं, की ते गाडी उभी करेपर्यंत थांबत नाही, ते याच रोगाने. त्याला विचारलं, ‘‘स्टिअरिंग हलत नाही का रे?’’ तर म्हणाला, ‘‘हलतंय, पण जुनी गाडी म्हटल्यावर हलणारच की सर.’’

मग कागदावर हिशेब मांडला. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास सुमारे २६ इंच. ३१ इंची टायर त्याहून जवळजवळ अठरा टक्के मोठा. म्हणजे काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५९ ने पळत असते. ब्रेक मात्र तेवढेच राहतात आणि त्यांना आता जास्त लांब तरफ रोखायची असते. लांब शॅकलमुळे पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो, मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होईना. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, तो आपल्या घाटातल्या वळणांवर. पोरगं हिरमुसलं. पण बेअरिंग, सील आणि शिम घालून गेलं. टायरचं काय केलं, ते मी विचारलेलं नाही.

जुन्या जीपचं रूप बदलण्याच्या आधी तिच्यात करण्यासारखं इतकं आहे की एका माणसाचे दोन-तीन उन्हाळे त्यात जावेत. ब्रेकपासून सुरुवात करा. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी ओढ्यातून बाहेर आली की लायनर भिजलेले असतात आणि पहिल्या पन्नास-शंभर मीटरांत पेडल दाबलं तरी गाडी थांबायचं मनावर घेत नाही. पाण्याबाहेर येताच डाव्या पायाने ब्रेक हलका धरून थोडं अंतर चालवायचं. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. व्हील सिलिंडरचा रबरी कप झिजला की ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं, ते चाक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. आंबोलीच्या रस्त्याला मी बघतो ते हेच. किटची किंमत त्या टपावरच्या दिव्यांतल्या एकाइतकीही नसते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. चंदगड-आजऱ्याच्या पावसात तर ते बाटलीचं झाकण उघडं राहिलं तरी नासतं. असं पाणी धरलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवं भरणं, हे अर्ध्या दिवसाचं काम, दोन माणसांचं. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने खाली निपल सोडायचा. आमच्या घरी पेडलवर बायको असते आणि ‘दाब’ म्हणायच्या आत दाबते, एवढीच अडचण.

जुन्या सीजे जीपांत तर एकाच मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना एकच लाइन जाते. कुठेही पाईप फुटला की चारही ब्रेक जातात. तिथे दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर बसवणं हा मी म्हणतो तसला बदल. दुसरा बदल ब्रीदरचा. गरम झालेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. नंतर ऑइल काढलं तर ते चहासारखं दिसतं आणि पुढे क्राउन-पिनियन खातं. ॲक्सलच्या ब्रीदरला रबरी पाईप जोडून तो बॉनेटखाली उंच नेला की झालं. तिसरा रिलेचा. जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज गळतं आणि दिवा पिवळा पडतो. बॅटरीपासून जाड वायर आणि मध्ये रिले टाकला की त्याच बल्बचा उजेड समोरच्याचे डोळे न दिपवता पुरेसा पडतो. या कशाचाही फोटो काढून मित्रांना पाठवता येत नाही, हीच त्यांची उणीव असावी.

जीपमध्ये प्रवासी भरून नेणाऱ्या वडापवाल्यांना आपण नावं ठेवली, आणि माणसं कोंबण्याबद्दल ठेवायलाच हवी होती. पण त्यांच्यातला शहाणा माणूस गाडीखाली नेमाने शिरायचा. ग्रीस गन आणि पाने सीटखाली कायम. गाडी थांबली तर त्या दिवशीची चूल थांबायची, म्हणून. आताच्या हौशी मालकाला ती धास्ती नाही.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदलाला, त्यात सुटे भाग नव्याने बसवणंही आलं, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी गार्डांबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं, ते योग्यच होतं. असलं गार्ड पादचाऱ्याचा जीव घेतं आणि धडकेचा झटका सरळ चेसीला देतं.

पण याच कलमांच्या सावलीत ब्रेकची दुसरी लाइन टाकणारा माणूसही भीत उभा राहतो. मागच्या बाकाला पट्टे लावायचे आहेत, पातळ पत्र्याला नव्हे तर खाली प्लेट देऊन चेसीला बांधून. पुढे डिस्क ब्रेक घालायचे आहेत. कुणी तपासून ‘हे नीट झालंय’ अशी नोंद करून देईल का, असं विचारलं की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात. आणि शेवटी कुणीतरी समजुतीने सांगतं, ‘‘कशाला विचारताय? घाला आणि गप बसा.’’ सुरक्षिततेची कामं चोरून करायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही.

वयाचंही तसंच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. हलक्या मोटारीची ही फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला, पण ती रोजच्या वापराला चालत नाही. वीस ते पन्नास या वयातली, काजूच्या बागेत खत नेणारी गाडी यात कुठे बसते? फी वाढली म्हणून तपासणी वाढली असती, तर मी तक्रार केली नसती. चेसी नंबर जुळला, दिवे लागले, पीयूसी आहे, झालं. माझ्या गाडीचा ड्रम आजवर कुणी उघडायला लावलेला नाही.

धुराचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणारे माझे मित्र मला पटत नाहीत. नोझलचं प्रेशर तपासून घेतलं, पंप लावून घेतला, एअर फिल्टर वेळेवर धुतला, तर धूर बराच कमी होतो. तरी १९९३ चं इंजिन आजच्या मानकाला कधीही पोचणार नाही. शहरात अशा गाड्या रोज फिरवू नयेत असं सरकारने ठरवलं, तर मी विरोध करणार नाही. पुण्या-मुंबईचा नियम भुदरगडच्या डोंगरावर लावू नये, एवढंच म्हणणं.

करायचं काय, तर फार अवघड नाही. सुरक्षितता वाढवणाऱ्या बदलांची एक यादी परिवहन खात्याने काढावी: दोन लाइनींचे ब्रेक, पुढचे डिस्क, सीट बेल्ट, रोल बार. काम झाल्यावर गाडी रोलरच्या ब्रेक टेस्टरवर चढवावी, चारही चाकं सारखी धरतात का ते आकड्यात बघावं आणि नोंदणी पुस्तकात तशी नोंद करावी. उंची आणि टायरलाही तिथेच मर्यादा घाला आणि ती ओलांडणाऱ्याचा दंड खुशाल दुप्पट करा. यंत्रं आणि जागा कुठून आणायची, असं कुणी म्हणेल. जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सरकारी आयटीआय आहे. मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकच्या पोरांना आम्ही वर्षानुवर्षं एकाच कापलेल्या इंजिनावर शिकवतो. त्यांच्या वर्कशॉपात एक टेस्टर बसवा, मोटार वाहन निरीक्षकाने महिन्यातून दोन दिवस तिथे यावं. पोरांना खऱ्या, गंजलेल्या, ऑइल गळणाऱ्या गाड्या हाताळायला मिळतील. माझी जीप पहिल्या दिवशी रांगेत असेल, आणि दहा हजारांची पावतीही मी कुरकुर न करता फाडेन.