रडणाऱ्याला पडदा हवा

‘ते सगळे नाटक असते हो!’ हे वाक्य आपल्या घराघरांतून आता इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यातला निर्दयपणा कुणाच्या कानाला खटकेनासा झाला आहे. टीव्हीवर एखादी मुलगी हुंदके देत भिंतीशी बसते, श्वास मिळत नाही म्हणून गळ्याशी हात नेते, तिची बोटे वाकडी होतात, ती ‘मला बाहेर सोडा’ म्हणून विनवते. आणि इकडे आपण चिवड्याचा बकाणा भरत निकाल देऊन मोकळे होतो, नाटक! न्यायाधीशालासुद्धा निकालापूर्वी साक्षीपुरावे तपासावे लागतात. आपल्याला तेवढीही तसदी नको असते.

हे लोण मूळचे हॉलंडमधले. माणसांना एका घरात कोंडून त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखायचे, हा ‘बिग ब्रदर’ नावाचा खेळ तिथे १९९९ साली सुरू झाला. नाव घेतले जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतून. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या सत्तेची भीती वाटावी म्हणून लेखकाने जे नाव योजले, ते आम्ही करमणुकीच्या दारावर पाटी म्हणून लावले! हिंदीत हा खेळ ‘बिग बॉस’ होऊन २००६ साली आला, कन्नडमध्ये २०१३ साली, मराठीत २०१८ साली. आम्ही सीमाभागातली माणसे दुभाषी, त्यामुळे आमची चैनही दुप्पट. मराठीतला संपला की कन्नडमधला. भाषेच्या प्रश्नावर आपले आणि शेजाऱ्यांचे जमो न जमो, दुसऱ्याचे रडणे पाहण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे उत्तम एकमत आहे.

असल्या कार्यक्रमांच्या अभिरुचीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. ते दळण मला पुन्हा दळायचे नाही. माझा वाद त्या घरातल्या माणसांशी नाही, तो घराबाहेरच्या आपल्याशी आहे. समोरचा माणूस कोसळत असताना त्याच्याविषयी कणव न वाटणे, हे आपण हुशारीचे लक्षण मानू लागलो आहोत, याचा मला राग आहे.

प्रथम ‘नाटक’ या शब्दाचाच हिशोब करू. नाटक म्हणजे काय, हे निदान आम्हाला तरी कुणी शिकवू नये. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तिकीट काढून शकुंतलेचे अश्रू पाहणारे आमचे पणजोबा काही कमी रसिक नव्हते. पण त्या अश्रूंचा एक करार होता. नटी रडते ते पात्राचे दुःख, नटीचे नव्हे. आणि अंक संपला की पडदा पडतो. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांचे अपत्य गेले. तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. ही हकिगत आपण मोठ्या अभिमानाने सांगतो; पण तिचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बापाचे दुःख पडद्यामागे राहिले, प्रेक्षकांसमोर आले ते पात्र. स्वतःचे दुःख स्वतःजवळ ठेवण्याचा नटाचा हक्क त्या दिवशीही शाबूत होता.

आजच्या खेळाने हे सारे उलटे केले आहे. इथे पात्र नको आहे, माणसाचे खाजगी दुःखच हवे आहे. तो रडू लागला की पडदा पडत नाही, उलट कॅमेरा आणखी जवळ येतो. आणि ते रडणे दुसऱ्या दिवशीच्या भागाची जाहिरात म्हणून दिवसभर वाजत राहते.

आता त्या ‘नाटका’च्या वेळी शरीरात काय घडते ते पाहा. पॅनिक अटॅक म्हणजे भीतीचा झटका. दरवर्षी दहावीच्या परीक्षेच्या वेळी प्रश्नपत्रिका हातात पडताच एखाददुसऱ्या मुलाला तो येतो, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. समोर वाघ नसताना शरीर वाघ आल्याची वर्दी देते. अॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास भराभर चालू लागतो. त्या धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग हातापायांना मुंग्या येतात, बोटे आखडतात, भोवळ येते आणि ‘आता मी मरणार’ अशी खात्री वाटू लागते. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि हळूहळू ओसरतो. त्या वेळी माणसाला लागते ते इतकेच: भोवतालची गर्दी हटवणे, कुणीतरी शेजारी शांत बसणे, श्वास सावकाश सोडायला सांगणे आणि गरज वाटली तर डॉक्टर. यात प्रेक्षक कुठेच बसत नाहीत.

आणि ज्या घरात हा झटका येतो, त्या घराची रचना पाहा. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. दिवसा डोळा लागला तर कर्कश आवाज करून उठवायचे. आईशी, बायकोशी, मित्राशी दोन शब्द बोलण्याची सोय नाही. दर आठवड्याला सोबत्यांनीच एकमेकांना बाहेर काढण्यासाठी नावे द्यायची आणि शनिवार-रविवारी सूत्रसंचालकाने साऱ्या देशासमोर हजेरी घ्यायची. झोप, वेळेचे भान आणि जिव्हाळ्याचे माणूस या तीन गोष्टी काढून घ्या. तुमच्या-आमच्यातला कितीही खंबीर माणूस किती दिवस टिकेल? चोवीस तासांतून आपल्याला दाखवतात तासाभराचे. उरलेल्या तेवीस तासांत त्याच्या मनाची काय गत झाली, याचा पत्ता नसताना आपण त्याच्या स्वभावाची कुंडली मांडतो!

यावर ठरलेला युक्तिवाद येतो. ‘पैसे घेऊन, सही करून, स्वखुशीने गेलेत. मग भोगा!’ गेली तीस वर्षे मी शाळेत आहे, म्हणून शाळेचाच दाखला देतो. सहलीला निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक पालकाचे संमतिपत्र घेतो. समजा, सहलीत एखादे मूल पाण्यात पडले. तेव्हा काठावर उभे राहून ‘वडिलांची सही आहे’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला तुम्ही काय म्हणाल? संमतीने जबाबदारी सुरू होते, संपत नाही. मजुरीचेही तसेच आहे. दगडाच्या खाणीत उतरणारा गडी पैसे घेऊनच उतरतो. दरड कोसळली तर ‘मजुरी घेतली होती ना?’ असे विचारणारा माणूस आपल्या गावात तोंड दाखवू शकेल काय? पैसे कामाचे असतात, जखमेचे नव्हेत.

दुसरा युक्तिवाद असा की, ‘ती माणसे स्वतःच दुष्ट असतात, इतरांना छळतात.’ काही असतीलही. येथे मला जेड गुडीची आठवण होते. २००७ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये तिने आपल्या शिल्पा शेट्टीला वांशिक हेटाळणीच्या भाषेत छळले. प्रेक्षकांच्या चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या, आपल्याकडेही निदर्शने झाली. संताप रास्तच होता. पुढच्याच वर्षी, २००८ च्या ऑगस्टमध्ये, हीच जेड आपल्या ‘बिग बॉस’च्या घरात आली. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी! त्या घरात असतानाच जेडला कळले की, आपल्याला कर्करोग झाला आहे. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, दोन लहान मुले मागे ठेवून ती गेली. तिच्या अपराधाची शिक्षा म्हणून कॅमेऱ्यांच्या घरात ही बातमी ऐकणे तिला योग्यच होते, असे म्हणणारा कुणी असेल तर त्याने पुढे यावे. सहानुभूती हे काही चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस नाही. ती गुण पाहून वाटायची असती, तर आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला आली असती?

आपल्या शेऱ्यांनी कुणाचे काय बिघडते, असे वाटत असेल तर जपानकडे पाहा. हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीगीर ‘टेरेस हाउस’ या कार्यक्रमात होती. घरातल्या सोबत्याने तिचा कुस्तीचा पोशाख धुण्यात खराब केला म्हणून ती त्याच्यावर संतापली, एवढेच निमित्त. अनोळखी लोकांनी तिच्यावर शिव्याशापांचा भडिमार केला. २३ मे २०२० रोजी तिने आपले आयुष्य संपवले. त्यानंतर २०२२ साली जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षाच्या कैदेपर्यंत वाढवली. ब्रिटनमध्येही असल्या कार्यक्रमांशी जोडलेल्या मृत्यूंनंतर एप्रिल २०२१ पासून, भाग घेणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची रास्त काळजी वाहिनीने घेतलीच पाहिजे, असा नियामकाचा नियम लागू झाला. तिथे माणसे दगावल्यावर जाग आली. आपण कशाची वाट पाहत आहोत?

आपल्याकडेही इशारे कमी झालेले नाहीत. २००८ साली कोलकात्याची एक सोळा वर्षांची मुलगी नृत्याच्या कार्यक्रमात परीक्षकांची बोलणी खाऊन आली आणि पुढे तिची वाचा व हालचाल गेली. उपचारांसाठी तिला बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणावे लागले. वैद्यकीय कारण काहीही असो, सोळा वर्षांच्या पोरीला देशासमोर फटकारण्याची गरज कुणाला होती? मुलांसाठी आता निदान कायद्यात काही आहे. बालमजुरीविरोधी कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलावंताला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक राबवता येत नाही आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही. पण अठरा वर्षे पूर्ण झाली की मन काय दगडाचे होते?

आमच्या राज्यातलीच एक गोष्ट सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबरात बंगळुरूजवळ बिडदी येथे, जिथे कन्नड ‘बिग बॉस’चे घर होते, त्या स्टुडिओला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशावरून टाळे लागले. आरोप सांडपाण्याचा होता. स्पर्धकांना दुसरीकडे हलवावे लागले, थोड्याच दिवसांत टाळे निघाले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. मंडळाने आपले कर्तव्य केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करणारे अधिकारी आहेत. त्याच घरातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या मनाची तपासणी कोण करणार?

वाचकहो, हा प्रश्न केवळ त्या पंधरा-वीस माणसांचा असता, तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. तो आपल्या मुलांचा आहे. मधल्या सुट्टीत मुले आता ‘नॉमिनेट’चा खेळ खेळतात. पाच-सहाजण कोंडाळे करून बसतात आणि हात वर करून एकाला गटाबाहेर काढतात. निवड अर्थातच सर्वांत भित्र्या मुलाची होते. एकदा तोंडी परीक्षेच्या आधी आठवीतल्या एका मुलीला धाप लागली आणि ती थरथरू लागली. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘कॅमेरा कुठाय गं?’ वर्ग हसला. बाईंनी तिला खिडकीशी नेऊन शेजारी बसवून घेतले, ती सावरली. ज्याने तो विनोद केला तो मुलगा वाईट नाही, उलट चांगल्या घरातला आहे. तो शब्द त्याने कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता. त्याने तो आपल्या घरी, सोफ्यावर आईवडिलांच्या मध्ये बसून ऐकला होता.

म्हणून मागणी दोन ठिकाणी आहे. वाहिन्यांकडे ही की, स्पर्धकाला झटका आला की चित्रीकरण थांबले पाहिजे, ते दृश्य जाहिरातीत वापरता कामा नये, आणि घरात असताना व बाहेर पडल्यावरही मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध असला पाहिजे. सरकारने तसा नियम करावा आणि आपण पत्रे लिहून त्याचा पाठपुरावा करावा. दुसरी मागणी आपल्या घराकडे आहे. असे दृश्य लागले की वाहिनी बदला. ती चित्रफीत फोनवरून पुढे ढकलू नका. मूल शेजारी असेल तर त्याला सांगा की, या माणसाला आता भीती वाटते आहे, त्याला मदत हवी आहे.

‘पण खरेच नाटक असेल तर?’ असू दे. खोट्या रडण्यावर विश्वास ठेवलात तर तुमचे नुकसान फार तर दोन चांगल्या शब्दांचे. खऱ्या रडण्याला मात्र हसलात, तर ते हसू तुमच्या मुलाने ऐकलेले असते. उद्या त्याचा स्वतःचा श्वास अडकेल, तेव्हा ते त्याला आठवेल आणि तो तुम्हाला हाक मारणार नाही.