वीस आठवडे जातात कुठे?

आठवीचा वर्ग, मराठीचा तास. छात्राध्यापिका फळ्यावर तारीख, इयत्ता, घटक लिहिते. मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक वही उघडून बसलेले. विषयप्रवेशाचे तीन प्रश्न तिने घोकून आणलेले असतात आणि तिसऱ्याचे उत्तर म्हणून मुलांनी पाठाचे नावच सांगायचे असते. मुले भलतेच काही सांगतात. आता चौथा प्रश्न विचारायला हवा, पण तो टाचणात नाही! मग तीच हेतुकथन उरकते आणि पाठ सुरू करते.

बी.एड. केलेल्या कोणाही शिक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. तो चौथा प्रश्न आयत्या वेळी सुचावा यासाठीच तर माध्यमिक शिक्षकाचे प्रशिक्षण असते. चर्चा मात्र सतत अभ्यासक्रमाच्या लांबीची होते.

पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. ते दोन वर्षांचे होण्याचा एक धागा महाराष्ट्रातच सापडतो. राज्यातल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याला अनुसरून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले आणि २०१५-१६ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे जायचे ठरवले. मग २०२५ मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी पुन्हा एका वर्षाचा पर्याय परिषदेच्या नव्या नियमांच्या मसुद्यात आला.

एक, दोन, चार, परत एक. या हिशेबात शाळेतले दिवस कोणी मोजत नाही.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासितेचे किमान २० आठवडे आहेत: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. इंग्लंडमध्ये पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा असतो. त्यात किमान १२० दिवस, म्हणजे २४ आठवडे, शाळेत जातात आणि तेही किमान दोन शाळांत. आपल्याकडे दुप्पट काळाच्या अभ्यासक्रमात शाळेतला मुक्काम चार आठवड्यांनी कमी. आणि हे झाले कागदावरचे गणित. ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’, म्हणजे हजर न राहता मिळणारी पदवी, हा शब्द या क्षेत्रात कोणी कानात सांगत नाही, प्रवेशाच्या दिवसांत उघडपणे उच्चारला जातो.

जे प्रामाणिकपणे शाळेत जातात, त्यांचे तरी काय होते? दहावीचा वर्ग त्यांच्या हाती द्यायला शाळा कचरतात आणि पालकांचा विचार करता ते समजण्याजोगे आहे. मग वाट्याला येतात गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास, पेपर तपासणी, स्नेहसंमेलनाची तयारी. हेही शाळेचेच काम आहे, त्यातून शिकायलाही मिळते. पण आपला पाठ कुठे घसरला, हे तिथे कळत नाही.

गंमत म्हणजे याच अभ्यासक्रमात एक उत्तम पद्धत आधीपासून आहे. सूक्ष्म अध्यापनाचे चक्र ३६ मिनिटांचे असते: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण. चुकलेला पाठ दुरुस्त करून लगेच परत घ्यायचा, हा तिचा गाभा. फक्त हे सगळे महाविद्यालयाच्या खोलीत, विद्यार्थी बनून बसलेल्या सहाध्यायांसमोर चालते. खऱ्या मुलांसमोर गेल्यावर पुनरध्यापन संपते. शेरा मिळतो, सही होते, पाठांचा आकडा एकाने वाढतो.

महाविद्यालये म्हणतात, शाळा सहकार्य करत नाहीत. शाळांचीही बाजू आहे. छात्राध्यापकाचा पाठ पाहायचा, त्याच्याशी बोलायचे आणि परत वर्ग द्यायचा, हे ज्या विषयशिक्षकाने करायचे, त्याचे तास त्यासाठी सहसा कमी होत नाहीत. शिक्षक घडवण्याच्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस हे काम उपकार म्हणून करत राहतो.

पुढे नोकरीच्या दारातही शिकवण्याची कसोटी लागतेच असे नाही. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची, वस्तुनिष्ठ प्रश्नांची. राज्याच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून मुलाखतीशिवाय होणाऱ्या निवडीत उमेदवाराचा एकही पाठ कोणी पाहत नाही. त्यानंतर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे. माध्यमिकला मानधन २०२३ पासून १८ हजार रुपये, त्याआधी ८ हजार. जे प्रशिक्षणात शिकायचे राहिले, ते या तीन वर्षांत मुलांच्या जिवावर शिकले जाते.

चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची घडी अजून बसायची आहे. तोवर विद्यापीठांनी आणि शिक्षण विभागाने तीन गोष्टी कराव्यात. छात्राध्यापकाची हजेरी महाविद्यालयाने नव्हे, शाळेने नोंदवावी. मार्गदर्शक विषयशिक्षकाचे आठवड्याचे काही तास कमी करावेत, त्याला मानधन द्यावे आणि अंतिम गुणांत त्याचे मत धरावे. तिसरी गोष्ट फुकट आहे: आठवी ‘अ’मध्ये फसलेला पाठ त्याच आठवड्यात आठवी ‘ब’मध्ये परत घ्यायला लावावा आणि दोन्ही पाठ मिळून एकच पाठ मोजावा.