करून पाहण्याचा हक्क

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारिणीत संगणकीकरणाचा विषय आता वारंवार निघतो, आणि त्या चर्चेचा क्रमही जवळजवळ ठरून गेला आहे. आधी एखाद्या विक्रेत्याचे दरपत्रक वाचले जाते. ते ऐकून खजिनदार मान हलवितात. मग कोणी तरुण सभासद सांगतो, की ‘कोहा’ नावाचे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे व त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्वांना बरे वाटते. पण ते बसविणार कोण आणि ग्रंथपालबाईंना ते जमणार का, या प्रश्नापाशी चर्चा अडते व विषय पुढील सभेवर ढकलला जातो. सभेतील कोणीच ते सॉफ्टवेअर पाहिलेले नसते, हाताळणे तर दूरच. पुढील सभेत बहुधा विक्रेत्याचे दरपत्रक मंजूर होते.

या प्रकारात दोष विक्रेत्याचा नाही आणि कार्यकारिणीचाही फारसा नाही. जी वस्तू सर्वांची आहे असे परवान्याच्या कागदावर लिहिलेले आहे, ती हाताळून पाहण्याची सोय मात्र थोड्यांनाच आहे, ही खरी अडचण आहे. ती दूर करण्याचा एक स्वस्त आणि साधा मार्ग उपलब्ध आहे. सॉफ्टवेअर आधीच बसविलेला, चालू स्थितीतला संपूर्ण संगणक एका फाइलमध्ये बांधून ग्रंथपालांच्या हाती द्यायचा, असा हा मार्ग. तंत्रज्ञ याला व्हर्च्युअल मशीनची इमेज म्हणतात. ती तयार करण्याचे काम किरकोळ समजून कोणाच्याही सवडीवर सोडले जाते. माझ्या मते ते सार्वजनिक काम आहे व ते सार्वजनिक संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे.

कोहाचा जन्म कोठे झाला हे आपल्या वाचनालयांच्या चालकांनी जाणून घेण्यासारखे आहे. न्यूझीलंडमधील लेविन या लहान गावात होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही संस्था परिसरातील सार्वजनिक ग्रंथालये चालवीत होती. त्यांची जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नाही हे स्पष्ट झाले होते. बाजारातील नवी प्रणाली विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ साली कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून आपल्याला हवी तशी प्रणाली लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली. पुढचे पाऊल त्याहून महत्त्वाचे होते. आपल्या पैशाने तयार झालेली ही प्रणाली त्यांनी जीपीएल या परवान्याखाली जगाला खुली केली. कोणीही ती वापरावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत वाटणाऱ्याने घेणाऱ्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे, एवढीच अट. ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट. माओरी रीतीत भेटीबरोबर परतफेडीची जाणीवही येते. एखादे मोठे विद्यापीठ किंवा महानगर यामागे नव्हते, हे आपल्याकडील तालुक्याच्या गावांनी विशेष ध्यानात घ्यावे.

असे स्वातंत्र्य एकदा मिळाले म्हणजे कायमचे टिकते, असेही नाही. २०११ साली एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये कोहा या नावावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला, तेव्हा त्या लहान ट्रस्टला जगभरच्या ग्रंथपालांकडे मदत मागावी लागली. पुढे तो अर्ज फेटाळला गेला. पण त्यासाठी झगडावे लागले.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने सुमारे अडीचशे सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्यासाठी ‘एव्हरग्रीन’ ही मुक्तस्रोत प्रणाली स्वतः घडविली व २००६ मध्ये ती कामाला लावली. तीही कोणाला घेता येते. मात्र ती बसविणे कोहापेक्षाही किचकट आहे.

किचकट म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगणे भाग आहे. कोहा बसवायचे तर आधी डेबियनसारखी लिनक्स प्रणाली लागते. त्यावर नोंदी साठविण्यासाठी मारियाडीबी, पाने दाखविण्यासाठी अपाचे, शोध लावण्यासाठी झेब्रा, आणि पर्ल भाषेतील कितीतरी लहानमोठे भाग बसवावे लागतात. जाणकाराला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. पण वाचनालयात असतो विंडोजवर चालणारा एकुलता एक संगणक. त्यावरच जमाखर्च लिहिला जातो, त्यावरच संचालनालयाला पाठवावयाची पत्रे टंकित होतात. तो पुसून त्यावर लिनक्स बसविण्याचे धाडस अल्प मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाने का करावे? काही बिघडले तर जाब त्यालाच द्यावा लागणार.

व्हर्च्युअल मशीन या भीतीवर नेमका उपाय करते. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, असे तिचे वर्णन करता येईल. व्हर्च्युअलबॉक्ससारखा विनामूल्य प्रोग्राम विंडोजवर बसविला, की तो यंत्राची थोडी स्मृती व थोडी जागा बाजूला काढून तेवढ्यात एक स्वतंत्र संगणक उभा करतो. इमेज ही काही गिगाबाइटची एक फाइल असते. तिच्यात लिनक्स, कोहा व नमुन्याच्या नोंदी असे सारे सिद्ध असते. फाइल आत घेतली, यंत्र सुरू केले, की ग्रंथपालासमोर कोहाचे पान उघडते. बाहेरच्या विंडोजला, तेथील जमाखर्चाला धक्का लागत नाही. शिवाय यंत्राची आहे ती स्थिती ‘स्नॅपशॉट’ घेऊन राखून ठेवता येते. देवघेवीचे नियम चुकले, शंभर नोंदी उडाल्या, तरी दोन मिनिटांत पूर्वस्थितीला येता येते. मोडून पाहण्याची ही मुभा मला सर्वांत मोलाची वाटते. विक्रेता आपल्या लॅपटॉपवर प्रात्यक्षिक दाखवितो तेव्हा कळफलकावर हात त्याचा असतो, आणि जे नीट चालते तेवढेच तो दाखवितो.

केरळमधील ग्रंथालय-व्यावसायिकांनी कोहा आधीच बसविलेल्या डीव्हीडी तयार करून वाटल्या होत्या. त्या राज्यात कोहा रुजण्यास अशा कामाचा हातभार लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता इमेज कशी असावी याविषयी. येथे थोडे तपशिलात जावे लागेल, कारण निष्काळजीपणे केलेली इमेज सॉफ्टवेअरची बदनामी करून जाते. सर्वांत मोठा प्रश्न नमुन्याच्या नोंदींचा आहे. तयार इमेजमध्ये बहुधा इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी भरलेल्या असतात. आपल्या वाचनालयातील ग्रंथपाल ‘ययाती’ शोधून पाहणार, ‘बनगरवाडी’ शोधून पाहणार. कोहात झेब्राची शोधरचना मुळात जशी येते तशीच ठेवली तर देवनागरीत शोध नीट लागत नाही. त्यासाठी आयसीयू नावाची दुसरी रचना निवडून सूची पुन्हा तयार करावी लागते. जाणकाराला हा एका ओळीचा बदल आहे. तो केला नाही, तर ग्रंथपाल ‘ययाती’ टाइप करतो, उत्तर शून्य येते, आणि ‘याला मराठी समजत नाही’ असा शिक्का त्या सॉफ्टवेअरवर कायमचा बसतो.

नमुन्यात दोनशे मराठी पुस्तके असावीत, पण ती विचाराने निवडलेली. ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांच्या नावाने नोंदलेली नाटके सापडली पाहिजेत. टोपणनाव व खरे नाव जोडणारी अधिकृत नावांची नोंद कशी करावयाची, हे ग्रंथपालाला त्या एका उदाहरणावरून समजेल. एका नावाच्या तीन प्रती, एक फाटलेली, एक हरवलेली, असेही असावे. नियतकालिके असावीत, दिवाळी अंक तर हवेतच, कारण वाचनालयाची डिसेंबरमधली अर्धी गर्दी त्यांच्यासाठी असते. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेली एखादी यादीही मुद्दाम ठेवावी. अनेक वाचनालयांनी युनिकोडपूर्व काळात कष्टाने याद्या केल्या. त्या नव्या प्रणालीत घातल्या की अक्षरांचा चिवडा होतो. ही आपत्ती चाचणीतच भेटलेली बरी.

याच्या जोडीला तयार अहवाल हवेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्याने मान्यतेची व अनुदानाची जबाबदारी घेतली, आणि मान्यताप्राप्त वाचनालयाला दरवर्षी सभासद, ग्रंथसंख्या व देवघेव यांचे आकडे संचालनालयाकडे पाठवावे लागतात. अ, ब, क, ड हा वर्ग व अनुदान ज्यांवर अवलंबून, ते आकडे जे सॉफ्टवेअर देत नाही ते कार्यकारिणीच्या लेखी निकामी. कोहात असे अहवाल लिहून साठविता येतात. कोणीतरी एकदा लिहून इमेजमध्ये ठेवले, की हजारो वाचनालयांचे काम वाचेल. कोहाचा मराठी अनुवाद अद्याप अपुरा आहे, हेही चाचणी करणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावे. तो पुरा करणे आपल्याच हातात आहे.

नमुन्यातील सभासद मात्र काल्पनिकच असले पाहिजेत. कामाच्या घाईत एखाद्या वाचनालयाची खरी सभासदयादी उचलून इमेजमध्ये घालण्याचा मोह होतो. मग लोकांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची माहिती गावोगाव फिरू लागते. कोण काय वाचतो हे त्याचे त्याला ठाऊक असावे. पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीतून वाचकाचे नाव पुसून टाकण्याची सोय कोहात आहे. ग्रंथपालाने चाचणीत ती अवश्य वापरून पाहावी, आणि कार्यकारिणीनेही त्याविषयी आपले धोरण ठरवावे.

दुसरी एक गोष्ट तंत्रज्ञांना सांगितली पाहिजे. इमेज कशी तयार केली याची कृती, म्हणजे कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कोणत्या आज्ञा, कोणते बदल, ही सगळी लिहून इमेजबरोबरच द्यावी. शक्य तर ती यंत्रालाच वाचता येईल अशा स्वरूपात असावी, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच इमेज नव्याने बांधता येईल. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबरमध्ये, येते. कृती नसेल तर इमेज दोन वर्षांत शिळी होते व ती करणारा माणूस दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बंद डब्यात घालून दिले तर विक्रेत्याच्या जागी त्या एका माणसावरचे अवलंबित्व येते. इमेजवर आवृत्ती व तारीख ठळक असावी, आणि फाइल वाटेत बिघडली वा बदलली नाही हे ताडून पाहण्यासाठी तिची पडताळणी-संख्याही द्यावी.

आणि चाचणीची इमेज ही चाचणीचीच राहावी. तिचा संकेतशब्द सर्वांना माहीत असतो, रोजची प्रत राखून ठेवण्याची व्यवस्था तीत नसते. ‘चांगली चालते आहे, यातच खरी पुस्तके भरू या’ असे म्हणून ज्या दिवशी दाखल नोंदवही तीत उतरविली जाते, त्या दिवशी संकटाची पायाभरणी होते. पहिल्याच पानावर मराठीत तशी सूचना लावावी.

काही आक्षेप रास्त आहेत. इंटरनेटवर कोहाची प्रात्यक्षिक-स्थळे आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण तेथे नियम आपल्याला हवे तसे मोडूनतोडून पाहता येत नाहीत, आपली जुनी यादी घालून पाहता येत नाही, आणि वीज व जाळे यांचा भरवसा नसलेल्या गावात ती स्थळे उघडतीलच असेही नाही. सरकारी राष्ट्रीय सूचना केंद्राने घडविलेले ‘ई-ग्रंथालय’ आहेच, असेही म्हटले जाते. त्याची उपयुक्तता मी नाकारीत नाही. मात्र त्याचा मूळ संकेत ग्रंथालयांना खुला नाही, आणि दोन्ही हाताळून पाहिल्याविना निवड केली असे म्हणता येणार नाही. यंत्र जुने असेल तर काय, हा आक्षेप अधिक खरा आहे. आठ जीबी स्मृतीच्या संगणकावर इमेज सुखाने चालते, चार जीबीवर रखडते, त्याखाली नाद सोडावा. काही यंत्रांत या कामाला लागणारी सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती चालू करण्यास जाणकाराची पाच मिनिटे लागतात. जेथे तेही नाही, तेथे जवळच्या महाविद्यालयाने आपली प्रयोगशाळा महिन्यातून एक रविवार उघडावी.

हे काम करावयाचे कोणी? आपल्या विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत. तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून मराठी इमेज बांधण्यास लावणे अवघड नाही. दरवर्षी नोव्हेंबरच्या आवृत्तीनंतर नवी इमेज काढावी. जिल्हा ग्रंथालय संघांनी आपल्या अधिवेशनात ठरावांच्या आधी दोन तास त्यासाठी ठेवावेत व इमेज पेन ड्राइव्हवर वाटावी. संचालनालयाने प्रशिक्षणवर्गात ती वापरावी. यात कोट्यवधींची योजना नाही, निविदा नाही. बहुधा म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आपले अनेक कार्यकर्ते वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. सॉफ्टवेअर घेण्याचा ठराव येईल तेव्हा, ते कोहा असो की दुसरे काही, त्यांनी एक अट घालावी. ग्रंथपालाने स्वतःच्या हाताने पंधरा दिवस पुस्तके दाखल करावीत, देवघेव करावी, वार्षिक आकडे काढावेत, आणि शेवटी भरलेल्या सर्व नोंदी मार्क या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत उघडून दाखवाव्यात. कोहात हे सर्व करता येते. ज्या विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटची पायरी जमत नाही, त्याला दरपत्रक परत देताना कारण लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या गावात तो तयारीने जाईल.