मुलांकडे मोठे मागूया

६ फेब्रुवारी हा संत गोन्सालो गार्सिया यांचा सण. वसईत जन्मलेले गोन्सालो हे संतपदाला पोहोचलेले पहिले भारतीय. गासला त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत कॉलेज आहे, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी शहराच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर कसे मारले गेले, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. या कथेतल्या दोन गोष्टींवर मात्र आपण क्वचितच थांबतो. गोन्सालो वसईहून जपानला निघाले तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. आणि त्या २६ जणांत तीन कोवळे मुलगे होते: लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा-पंधरा वर्षांचा. यंदाचा सण साजरा करताना या वयाकडे नीट पाहायला हवे.

गोन्सालो वसईच्या किल्ल्यात जेझुइट फादरांकडे शिकले आणि त्यांच्यापैकी एकाबरोबर जपानला गेले. कोवळ्या वयात कानावर पडलेली जपानी भाषा त्यांनी आपलीशी केली आणि धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे काम केले. जेझुइट संघात घ्यावे ही त्यांची विनंती मात्र मान्य झाली नाही. ते मकावला जाऊन व्यापारात शिरले, पैसाही मिळाला, पण मन तिथे रमले नाही. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन जपानला गेले, तेव्हा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर बोलायला जपानी येणारा माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे एकेकाळी संघाच्या दारातून परतलेले गोन्सालो. वसईच्या मुलाने किशोरवयात शिकलेली भाषा वीस वर्षांनी एका मिशनची वाणी झाली.

क्योटोत या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्या जखमा धुतल्या जाऊ लागल्या. लुई, अंतोनियो आणि थॉमस फ्रान्सिस्कनांच्या मठांच्या छायेत वाढले, फादरांच्या हाताखाली वावरले. तिथे त्यांना कोणी ‘तू लहान आहेस, बाजूला बस’ म्हणून दूर ठेवले नाही. म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धेसाठी पकडले जाण्याची परीक्षा आली तेव्हा ती त्यांना परकी वाटली नाही. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात क्योटोहून नागासाकीपर्यंत त्यांना सुमारे महिनाभर नेण्यात आले. ख्रिस्ताला सोड, जीव वाचेल, असे लुईला सांगण्यात आले. या अटीवर जगायचे नाही, असे बारा वर्षांच्या त्या मुलाने उत्तर दिले. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिले. वडील मिखाएल त्याच्याबरोबरच मरणाच्या वाटेवर होते. तरी पत्रात त्याने आपल्या दुःखापेक्षा आईच्या श्रद्धेची आणि धाकट्या भावांची काळजी वाहिली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मुलांच्या मरणाचे कौतुक आम्हाला करायचे नाही. ज्या सत्तेने त्यांना क्रुसावर चढवले तिचा तो घोर अपराध होता. आमच्या मुलांनी भरभरून जगावे, हीच आमची प्रार्थना आहे. पण त्या टेकडीवर जे धैर्य दिसले ते एका दिवसात आले नव्हते. रोजच्या प्रार्थनेत, रोजच्या सेवेत, मोठ्यांनी टाकलेल्या विश्वासात ते घडत गेले होते.

आपण आपल्या मुलांकडे काय मागतो? दहावी-बारावीचे टक्के मागतो. मोबाइल बाजूला ठेव म्हणतो. चर्चमध्ये सणाच्या दिवशी नाच बसवायला, खुर्च्या मांडायला त्यांना हाक मारतो. दृढीकरण संस्कार होईपर्यंत धर्मशिक्षणाच्या वर्गाला धाडतो, आणि त्यानंतर बरीच मुले मिस्सालाही दिसेनाशी झाली की ‘आजची पिढीच अशी’ म्हणून मोकळे होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जबाबदारीचे एकही काम न देता त्याच्या बेजबाबदारपणाचा निवाडा करणे हा अन्याय आहे. ॲलेक्स आणि ब्रेट हॅरिस या अमेरिकन जुळ्या भावांनी विशी गाठायच्या आत, २००८ साली, पुस्तक लिहून आपल्या वयाच्या ख्रिस्ती मुलांना हेच सांगितले: तुमच्याकडून कमी अपेक्षा ठेवल्या जातात आणि तुम्ही तेवढ्यावरच थांबता, थांबू नका, अवघड ते हाती घ्या.

‘मी अजून लहान आहे’ ही यिर्मया संदेष्ट्याची सबब देवाने मानली नाही. नामान सेनापतीच्या घरी पकडून आणलेली इस्राएलची मुलगी दासी होती, पवित्र शास्त्राने तिचे नावही नोंदवलेले नाही. तरी संदेष्ट्याकडे जायची वाट त्या कुष्ठरोगी सेनापतीला तिच्यामुळेच कळली. आपल्या काळातले उदाहरण कार्लो अकुतिस याचे. मिलानमध्ये वाढलेल्या या मुलाने पवित्र मिस्साच्या चमत्कारांची माहिती जमवून स्वतः वेबसाइट उभारली, धर्मग्रामातल्या लहानांना धर्मशिक्षण दिले, रस्त्यावर राहणाऱ्यांना मदत केली. २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी चर्चने त्याला संत घोषित केले. त्याची बुद्धी संगणकात रमत होती आणि मन रोजच्या मिस्सात. दुसऱ्यामुळेच पहिलीला दिशा मिळाली. श्रद्धेवाचून सेवा केली तर ती बायोडेटातली एक ओळ होऊन बसते, आणि सेवेवाचून श्रद्धा वर्गातल्या पाठांतरापाशी थांबते. मुलांना दोन्ही एकत्र द्यावे लागते.

आमचे आवाहन आहे की प्रत्येक धर्मग्रामाने यंदाच्या सणाला किशोरवयीन मुलामुलींच्या हाती खरी जबाबदारी सोपवावी. वसई-विरारच्या चाळींत आणि इमारतींत दूरदूरहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या लहानग्यांना मराठी वाचायला शिकवणे हे आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल, आणि दुभाषी गोन्सालोंच्या स्मृतीला ते शोभेल. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे दर रविवारी कोण जाणार, याची यादी मुलींनीच करावी आणि चालवावी. तरुण संघटनेचा पैसा मुलांनी सांभाळावा, हिशेब सगळ्यांसमोर मांडावा. धर्मग्रामाच्या बैठकीत त्यांना जागा द्यावी आणि मत विचारावे.

यात चुका होतील. हिशेब चुकेल, एखादा रविवार बुडेल. तेव्हा काम काढून घेण्याचा मोह आवरावा लागेल, कारण ते काढून घेणे म्हणजे ‘तुझ्याकडून झाले नाही, होणारही नाही’ असे सांगणे होय. आईवडिलांनीही अभ्यासाचा तास चुकेल म्हणून सेवेचा तास कापू नये. मुलांच्या पाठीशी उभे राहणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे, त्यांच्या जागी उभे राहणे नव्हे.

आणि किशोर मित्रमैत्रिणींनो, कोणी मागेपर्यंत थांबू नका. तुमच्या गल्लीत, शाळेत, धर्मग्रामात जे काम कोणी करत नाही ते प्रार्थना करून हाती घ्या, आणि ते वर्षभर सोडू नका. वसईच्या पंधरा वर्षांच्या मुलाला देवाने समुद्रापार नेले. तुमच्याकडूनही देव मोठ्या गोष्टींची अपेक्षा करतो, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.