दुकानदाराला लायसन, कंपनीला संरक्षण, अन् शेतकऱ्याला पंचनामा!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पेरणीच्या आधी वाचून घ्या. पेरणीनंतर वाचून फायदा नाही.

गोष्ट माझ्या मोठ्या मामांची. दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा. पाच एकर सोयाबीन. नेहमीच्या दुकानातून पाच बॅगा आणल्या, अर्ध्या नगदी, अर्ध्या उधारीवर. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, बिल कायले पाह्यजे? घरचंच दुकान आहे." एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ना लॉट नंबर, ना सही.

पाऊस चांगला झाला, पेरलं. आठ दिवसांनी वावरात गेले तर तासच दिसेना. कुठं एक झाड, कुठं हातभर जागा मोकळी. शेजारच्याचं त्याच दिवशी पेरलेलं, दुसऱ्या कंपनीचं, हिरवंगार.

मामा तालुक्याला गेले. पहिला प्रश्न, "बिल आहे?" चिठ्ठी दाखवली. "हे चालत नाही." कशीबशी तक्रार घेतली. समिती येईन म्हणून सांगितलं. एक आठवडा गेला, दोन गेले. आता सांगा, शेतकऱ्यानं काय करावं? समितीची वाट पाहावी तर पेरणीचा हंगाम जाते. मोडून दुबार पेरावं तर पुरावा जाते. मामांनी दुबार पेरणी केली, कारण पोट पंचनाम्यावर भरत नाही. समिती एकोणिसाव्या दिवशी आली. म्हणाली, "इथं तर नवीन पीक आहे, पंचनामा कशाचा करू?" अहवालात काय आलं? पेरणी खोल झाली असावी, पावसाचा खंड पडला असावा. म्हणजे चूक मामांची!

मामा एवढंच बोलले, "जाऊ दे बापू, त्या दुकानाची उधारी अजून देणं आहे मले."

या एका वाक्यात सगळा कायदा अडकला आहे. ज्याच्या विरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच वहीत आपलं नाव.

आता कायद्याकडं येऊ. बियाणे विकायला लायसन लागते. १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आहे. लायसन दुकानात लावा, साठा अन् भाव फलकावर लिहा, प्रत्येक गिऱ्हाईकाला पावती द्या, हे सगळं त्यात आहे. पावती देणं ही दुकानदाराची मेहरबानी नाही, लायसनची अट आहे. कीटकनाशक विकायला तर आता शिक्षणाचीही अट आहे. कागदावर सगळं चोख.

पण बियाणे कायदा आहे १९६६ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहीत आहे? जास्तीत जास्त ५०० रुपये. पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोयाबीनच्या एका बॅगेच्या किमतीत असे किती गुन्हे बसतात, तुम्हीच हिशोब करा. नियंत्रण आदेश मोडला तर जीवनावश्यक वस्तू कायद्यात तुरुंगाची तरतूद आहे, हे खरं. पण कोणी तुरुंगात गेला काय अन् कोणी दंड भरला काय, तो पैसा सरकारच्या तिजोरीत जाते. मामांच्या खात्यात एक रुपया येत नाही. आपल्या मुळ्यावर घाव इथंच आहे.

आणखी एक गंमत. निरीक्षकानं नमुना काढला तर प्रयोगशाळेला अहवाल द्यायला ६० दिवसांची मुदत. साठ दिवसांत सोयाबीनला शेंगा धरतात! ज्याचं उगवलंच नाही त्याला अहवाल मिळते तेव्हा शेजाऱ्याच्या वावरात शेंगा असतात.

हे फक्त मामांचं रडगाणं नाही. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अन् लक्षात घ्या, राज्याच्या बियाणे महामंडळाचं, महाबीजचं मुख्यालय आपल्या अकोल्यात. कृषी विद्यापीठ अकोल्यात. ज्यांचं नाव विद्यापीठाला, ते देशाचे कृषिमंत्री राहिलेले भाऊसाहेब पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्याच्या पापळचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कपाशीचं पाहा. कपाशीसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, २००९ चा. त्यात शेतकऱ्याला भरपाईची तरतूद आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाड खाल्लं तेव्हा आपण सगळ्यांनी 'जी' फॉर्म भरले, आठवते? झेरॉक्सच्या दुकानावर रांगा होत्या. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात घोषणा झाली, कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० अन् बागायतीला ३७,५०० रुपये. कृषिमंत्री आपले खामगावचे भाऊसाहेब फुंडकर होते. त्या रकमेत १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्या कोर्टात गेल्या. ते कंपनीचे १६,००० ज्याच्या खात्यात जमा झाले त्यानं कमेंटमध्ये हात वर करावा. मी वाट पाहतो.

मग २०२३ आलं. पावसाळी अधिवेशनात सरकारनं पाच विधेयकं आणली, नंबर ४० ते ४४. एका विधेयकात भेसळीच्या, अप्रमाणित बियाणं-खत-औषधानं नुकसान झालं तर शेतकऱ्याला भरपाई द्यायची सोय होती. वर्षानुवर्षं मागितलेली गोष्ट. अन् दुसऱ्या एका विधेयकात काय? १९८१ चा एमपीडीए कायदा, ज्याला लोक झोपडपट्टी दादा कायदा म्हणतात, त्यात बोगस निविष्ठा विकणाऱ्यालाही घालायचं. म्हणजे हातभट्टीवाला, गुंड अन् कृषी केंद्रवाला एकाच ओळीत. खटला चालायच्या आधी स्थानबद्धता.

झालं! २ ते ४ नोव्हेंबर २०२३ ला राज्यातली कृषी केंद्रं बंद. ऐन रब्बीच्या तोंडावर. विधेयकं संयुक्त समितीकडं गेलेलीच होती. २०२४ मध्ये विधानसभेची मुदत संपली, निवडणूक झाली, नवीन सरकार बसलं. भरपाईचा कायदा काही झाला नाही.

इथं मी दुकानदारांचीही बाजू सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही सीलबंद बॅग विकतो, आतमध्ये काय आहे ते आम्हाला कसं दिसणार? म्हणणं बरोबर आहे. बॅग कंपनीनं भरली, टॅग कंपनीनं लावला, तर जबाबदारी पहिली कंपनीची. शिवाय इन्स्पेक्टरच्या हातात स्थानबद्धतेची काठी दिली की ती कोणावर चालते हे आपल्याला माहीत आहे. जून २०२३ मध्ये अकोल्यात कृषी खात्याच्या छाप्यांवरून केवढा वाद झाला होता, पथकात खात्याबाहेरची माणसं असल्याचे आरोप झाले होते, ते विसरलो नाही. प्रामाणिक दुकानदाराची भीती खोटी नव्हती.

पण मग माझा प्रश्न सरकारला आहे. भरपाईचं विधेयक अन् तुरुंगाचं विधेयक एकाच गाठोड्यात बांधलं काहून? एकाला विरोध होणार हे पोरालाही समजत होतं. तुरुंगाच्या विधेयकावर भांडण झालं अन् भरपाईचं विधेयक फुकटात मेलं. घोषणा झाली, फोटो निघाले, "शेतकऱ्यांसाठी कडक कायदा" म्हणून बॅनर लागले. कडक कायदा नको होता बाप्पा, कामाचा कायदा पाहिजे होता.

अन् दुकानदारांच्या संघटनेलाही प्रश्न आहे. सीलबंद बॅगेची जबाबदारी तुमची नाही, मान्य. पण पावतीची जबाबदारी तर तुमचीच आहे ना? पावती न देणाऱ्या सभासदासाठी कधी एक दिवस तरी बंद ठेवलं काय?

आपलंही चुकते, तेही सांगतो. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं उघड एचटीबीटी पेरलं. ते आंदोलन होतं, सरकारला सांगून केलेलं, त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण त्यानंतर गुपचूप येणारं, कोऱ्या पाकिटातलं बियाणं आपण रात्री घेतो. त्याला बिल नाही, टॅग नाही, कंपनी नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाच्या नावानं करणार? मंजुरी द्यायची की नाही ते सरकारनं एकदाचं ठरवावं. तोवर हे पाकीट घेणारा आपल्या हातानं ग्राहक म्हणून असलेला हक्क सोडून देते.

हो, ग्राहक! सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे अन् तो ग्राहक मंचात जाऊ शकते. हेही सांगितलं की शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकते, तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे कंपनी हैदराबादची असो की जालन्याची, केस अमरावतीत किंवा अकोल्यात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. आयोगानं निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणते. प्रत्यक्षात किती लागतात ते तारखा घेणाऱ्याला विचारा. पण दार उघडं आहे अन् आपण तिकडं जातच नाही.

केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा काढला. दंड लाखांत नेला. चांगलं आहे. पण पुन्हा तेच, दंड जाते सरकारला. म्हणून आपल्या आमदारांना या अधिवेशनाआधी चार गोष्टी विचारा:

१. भरपाईचं विधेयक एकटं आणा. तुरुंगाच्या कायद्याला बांधू नका. पहिली जबाबदारी उत्पादक कंपनीची ठेवा.

२. न उगवल्याच्या तक्रारीचा पंचनामा ठरावीक दिवसांत झालाच पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. दाखल्याला मुदत लागू होते, तर पंचनाम्याला का नाही? मुदतीत समिती आली नाही तर शेतकऱ्याचे फोटो अन् ग्रामपंचायतीसमोरचा पंचनामा पुरावा धरा.

३. नमुने एप्रिल-मे मध्ये काढा अन् अहवाल पेरणीआधी, लॉट नंबरसकट, तालुका कार्यालयाच्या फलकावर लावा.

४. पावती न देणाऱ्याचं लायसन खरोखर निलंबित करा. फक्त नोटीस नको.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपण करायचं ते हे. पक्कं बिल घ्या, उधारीवर घेतलं तरी घ्या, लॉट नंबर टाकून घ्या. बॅग, टॅग, मूठभर बियाणं जपून ठेवा. बॅग उघडताना खालून फोडा, टॅग अन् शिवण शाबूत राहू द्या. पेरायच्या आधी ओल्या पोत्यावर शंभर दाणे ठेवून पाहा. सोयाबीनचे सत्तरच्या खाली उगवले तर पेरू नका, बॅग परत न्या. उगवलं नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दुबार पेरायचंच असेल तर मोडायच्या आधी फोटो, व्हिडिओ, शेजाऱ्यांच्या सह्या. तासभर लागते, पण पुढं तेवढंच कामाला येते. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

मामांनी यंदा पक्कं बिल मागितलं. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण दिलं. बिल घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं आहे. विठ्ठलाच्या फोटोमागं.

तुमच्याकडं बिल देतात काय? गावाचं नाव लिहा, दुकानाचं नको. आमदाराकडं जाताना यादी सोबत नेऊ.